एका केसाचा कुंचला आणि आपली समीक्षा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीने आपला कुंचल्यांचा डबा आमच्यापुढे उघडला. आत पाच कुंचले, पाचही १०/० नंबरचे, लघुचित्रं शिकायची म्हणून मुद्दाम घेतलेले. म्हणाली, "सर, रेष दोन इंचसुद्धा जात नाही, मध्येच सुकते. माझा हातच वाईट आहे का?" तिच्या हाताबद्दल नंतर बोलू. आधी आपल्या समीक्षेबद्दल बोलायला हवं, कारण हा डबा तिने आपलं ऐकूनच भरलाय.

लघुचित्र दिसलं की आपण हमखास सांगतो, "एका केसाच्या कुंचल्याने काढलंय हो!" श्रोते "अरे बापरे" म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. आम्हीही हे वाक्य पूर्वी वापरलंय, ते नाकारत नाही. पण एका केसावर रंग राहणार कुठे? पाण्यात कालवलेला रंग केसात साठत नाही, केसांच्या मधल्या फटींत साठतो. केस एकच असेल तर फटच नाही. तेव्हा एक केस म्हणजे भिजलेल्या झुपक्याच्या टोकाला सगळ्यात पुढे आलेला केस, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. त्याच्या मागे पोट हवं, रंग पुरवणारं.

आपल्याकडचा पारंपरिक कुंचला असाच असतो. खारीच्या शेपटीचे केस टोकं जुळवून दोऱ्याने बांधायचे, पक्ष्याच्या पिसाच्या नळीतून ओढायचे आणि मागे काडी बसवायची. यात टोक कधीही कात्रीने कापत नाहीत. केस टोकाकडे मुळातच निमुळता असतो, आणि त्या निमुळतेपणासाठीच तर तो घेतलेला असतो.

आता एक चित्र बघू. 'चिनारावरच्या खारी', १६१०च्या सुमाराचं, जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनच्या नावावर असलेलं, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. (खारीच्या केसांनी खारी रंगवल्या असतील, ही गंमत आहेच.) सोनेरी पार्श्वभूमी, रंग पालटलेली चिनाराची पानं, फांद्यांवर पळणाऱ्या खारी आणि बुंध्याशी चढायच्या तयारीतला एक माणूस. मोठं करून पाहिलं तर खारीच्या अंगावरची लव बारीक बारीक फटकाऱ्यांची आहे. पानांच्या कडा मात्र तशा नाहीत. तिथे रेष वळते, जाड होते, पुन्हा बारीक होते. कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं, हे चित्रकाराने ठरवलेलं आहे. "एका केसाचा कुंचला" म्हटलं की हे ठरवणं दिसेनासं होतं, उरते ती फक्त चिकाटी. अबुल हसनला जहांगीरने १६१८ मध्ये 'नादिर-उज्-जमान', म्हणजे काळाचं नवल, असा किताब दिला. तो काय केस मोजून दिला असेल?

तर मग कुंचला कुठला घ्यायचा? नंबराकडे फार बघू नका. एका कंपनीचा १ दुसरीच्या २ एवढा असू शकतो, सगळ्यांना बांधणारं एक माप नाही. दुकानात टोक सुरेख दिसतं, कारण त्याला खळ लावलेली असते. दुकानदाराने परवानगी दिली तर ती पाण्यात धुवा, एक झटका द्या आणि बघा. टोक आपोआप एकवटलं तर घ्या, फाटलं तर ठेवून द्या. चांगल्या टोकाचा ० किंवा १ नंबर रेषेला पुरतो. सैबेरियन विझलच्या, म्हणजे कोलिन्स्कीच्या, केसांचा कुंचला यात उत्तम, पण महाग. सिंथेटिक चालतो. फक्त त्याचं टोक काही दिवसांनी आकड्यासारखं वळतं, तेव्हा तो भराईच्या कामाला लावा. मुंगसाच्या केसांचा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी मुंगसं मारली जातात.

मुंबईकरांना लंडनला जायची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं आहेत. काचेजवळ उभं राहा आणि एकच रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी चालून बघा. रंग कुठे संपला, कुंचला पुन्हा कुठे बुडवला, हे शोधा. चांगल्या चित्रात सांधा सहसा सापडत नाही. सापडला तर आम्हाला जरूर सांगा.

त्या मुलीला आम्ही तिचे १०/० फेकू दिले नाहीत. परदाज करताना, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी छटा चढवताना, कुंचला जवळजवळ कोरडाच लागतो. तिथे पोट नसलं तरी चालतं. पाचांपैकी दोन त्यासाठी ठेव म्हटलं, आणि उरलेले तीन दुकानदार बदलून देतो का ते विचार.