आरोग्य-अ‍ॅप आणि विद्यार्थ्याची भाषा : एक परीक्षण

विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आरोग्यविषयक अ‍ॅप आढळणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. कोणी त्यावर पावले मोजतो, कोणी झोपेचे तास नोंदवितो, कोणी जेवणातील कॅलरींचा हिशेब ठेवतो. विद्यार्थिनी पाळीच्या तारखा त्यात लिहून ठेवतात. आणि मन थाऱ्यावर नसले म्हणजे एखादी प्रश्नावली सोडवून आपले निदान आपणच करू पाहणारेही आहेत. या साधनांचा विचार सामान्यतः वैद्यक आणि तंत्रविद्या या दोन अंगांनी होतो, आणि ते योग्यच आहे. तथापि अ‍ॅप हे यंत्र असले, तरी वापरणाऱ्याच्या वाट्याला येतो तो मजकूर होय. ते प्रश्न विचारते, उत्तरांचे पर्याय ठरवून देते, उत्तरांना नाव देते आणि अखेर उपदेश करते. ही चारही कार्ये भाषेची आहेत. म्हणून एखाद्या ग्रंथाचे करावे तसे या मजकुराचेही परीक्षण करणे हे भाषाभ्यासकाचे काम ठरते. (‘अ‍ॅप’ या शब्दास ‘उपयोजन’, ‘अनुप्रयोग’ असे पर्याय सुचविले गेले आहेत, परंतु बोलण्यात रुळला तो ‘अ‍ॅप’च, म्हणून येथेही तोच योजिला आहे.)

१

प्रथम व्याकरणाचा विचार करू. शरीराच्या अवस्था सांगताना मराठी भाषा माणसाला सहसा कर्तेपद देत नाही. ‘मला ताप आला’, ‘मला भूक लागली’, ‘मला थकवा आला’, ‘मला मळमळते’ या वाक्यांत अनुभवणारा चतुर्थीत असतो. ताप, भूक, थकवा यांचे येणे-लागणे त्याच्या संबंधात घडते, तो ते घडवून आणीत नाही. झोपेविषयी तर ही गोष्ट विशेष स्पष्ट आहे. मनुष्य ‘झोपतो’ म्हणजे आडवा होतो; परंतु झोप ही ‘लागते’. पहिली क्रिया त्याच्या हातची, दुसरी नव्हे. हा भेद मराठी बोलणाऱ्या लहान मुलासही अवगत असतो.

अ‍ॅपची घडण याच्या उलट आहे. त्याचा वापरणारा सर्वत्र कर्ता असतो. झोप हे त्याचे ‘लक्ष्य’, ते त्याने ‘गाठायचे’, आणि न गाठल्यास ते ‘अपूर्ण’ राहायचे. परीक्षेच्या दिवसांत ज्यास झोप लागत नाही, त्या विद्यार्थ्यास सकाळी उठल्यावर आपण एक उद्दिष्ट चुकविले असे कळते. ‘झोप लागली नाही’ हे त्याच्या भाषेतील विधान आहे. ‘झोप पूर्ण केली नाही’ हा त्याच्यावरील ठपका आहे. इंग्रजी वाक्य मराठी शब्दांत उतरविले म्हणजे भाषांतर झाले, असे समजणाऱ्यास हा फरक दिसणार नाही. परंतु वाचणाऱ्याच्या मनावर तो उमटल्याशिवाय राहत नाही.

लिंगाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. प्रथम पुरुषी भूतकाळात मराठीला ‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ यांतून निवड करावीच लागते. ‘दमलो/दमले’ अशी तिरकी रेघ ओढून वाक्य वाचनीय होत नाही. द्वितीय पुरुषी अनेकवचनात ‘तुम्ही चाललात’ हे रूप दोन्ही लिंगांस चालते. त्यामुळे तेथील ‘तुम्ही’ हा आदरार्थी असण्यापेक्षा सोयीचा अधिक आहे. वस्तुतः ‘मला थकवा आला’ ही मराठीची स्वाभाविक रचना घेतली, तर ही अडचण उरतच नाही. भाषेने दिलेली वाट सोडून भाषांतराने आडवाट धरली, एवढाच याचा अर्थ.

२

दुसरा प्रश्न शब्दसंग्रहाचा. दुखण्याच्या छटा दाखविणारे शब्द मराठीत विपुल आहेत. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, गळू ठुसठुसते, जखम चुरचुरते, पोटात ढवळते, छातीत जळजळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे केवळ शब्दवैभव नव्हे. वेदना सतत आहे की थांबून थांबून, खोल आहे की वरवरची, याची माहिती या क्रियापदांतच साठविलेली आहे, आणि जाणता वैद्य तिचा उपयोग करतो. ‘वेदना’ या एका नामापुढे सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन पर्याय ठेवले म्हणजे प्रमाण कळते, प्रकार कळत नाही.

‘कणकण’ हा शब्द घ्यावा. ताप मोजून दिसण्याच्या आधीची किंवा मोजण्याच्या कडेवरची ती अवस्था आहे. ताप : होय की नाही, असा प्रश्न आला असता कणकण असलेल्या विद्यार्थ्याने काय लिहावे? जे लिहील ते अर्धसत्य होईल. ‘कसेतरी होते’ हे वाक्य तर यादीत कोठेच बसणार नाही. वैद्यापुढे मात्र ते निरर्थक नसते. ‘म्हणजे नेमके काय होते?’ या पुढच्या प्रश्नाचे ते दार असते. बंदिस्त यादी त्याच दाराशी संवाद संपविते.

मनोव्यथेच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर होते. खिन्नतेच्या चाळणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला ते ती विचारते आणि ० ते २७ असे गुण देते. ती उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ती चाळणी आहे, निदान नव्हे. आता प्रथमच घर सोडून वसतिगृहात आलेला विद्यार्थी म्हणतो, ‘मला इथे करमत नाही.’ या क्रियापदास इंग्रजीत एक शब्द नाही. त्यात घरची ओढ आहे, एकटेपण आहे, कंटाळा आहे, कधी खिन्नताही आहे; आणि हे सर्व त्याच्या बोलण्यात अद्याप वेगळे झालेले नाही. अ‍ॅपपुढे हे शब्द निरुपयोगी ठरले म्हणजे तो दोहोंपैकी एक करतो : ‘बोअर होते’ असे समजून दुर्लक्ष करतो, अथवा ‘डिप्रेशन आले आहे’ असे नाव देऊन मोकळा होतो. पहिल्यात खरे दुखणे झाकले जाण्याचा धोका आहे. दुसऱ्यात, जे मित्रांच्या सोबतीने आणि काळाने ओसरले असते, त्यावर रोगाचा शिक्का बसण्याचा. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘डिप्रेशन’ हा शब्द पेपर अवघड जाण्यापासून जीव नकोसा होण्यापर्यंत सर्व काही सांगू लागला आहे. आणि जो शब्द सर्व काही सांगतो, तो ऐन वेळी काहीच सांगत नाही.

३

तिसरा प्रश्न निर्णयवाचक शब्दांचा आणि अंकांचा. एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘आरोग्य सेतु’ हे अ‍ॅप आणले. जवळ आलेल्या मोबाइलांची ब्लूटूथद्वारा होणारी नोंद आणि वापरणाऱ्याने स्वतः दिलेली लक्षणांची माहिती यांवर त्याचा निष्कर्ष आधारलेला होता. त्यातून निघू शकणारे प्रामाणिक विधान एवढेच : ‘बाधित व्यक्तीशी संपर्काची नोंद आढळली नाही.’ परंतु पडद्यावर उमटले ते ‘तुम्ही सुरक्षित आहात’. नोंदीचा अभाव हा धोक्याचा अभाव मानला गेला. २९ एप्रिल २०२० च्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांस ‘सुरक्षित’ अथवा ‘कमी धोका’ अशी स्थिती दिसेल तरच कार्यालयात निघण्यास सांगण्यात आले. म्हणजे वर्णनाचा शब्द परवान्याचा शब्द बनला. पुढे २०२२ मध्ये संपर्कशोधाची ती सोय बंद करण्यात आली. परंतु भाषेचा हा धडा जुना झालेला नाही.

अंकांचे तसेच आहे. दिवसाला १०,००० पावले हा अंक विद्यार्थी वैद्यकशास्त्राची आज्ञा समजतात. त्याचा उगम जपानात १९६५ च्या सुमारास विकल्या गेलेल्या ‘मानपो-केई’ या पावले मोजण्याच्या उपकरणाच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांवरील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्युदर कमी आढळला आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. तो निष्कर्ष तरुणांस जसाच्या तसा लावता येणार नाही; परंतु गोल अंक म्हणजे शास्त्र नव्हे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

‘बॉडी मास इंडेक्स’विषयी तर पुण्याचाच दाखला आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के, तर दुसऱ्याची ९.१ टक्के. अधिक चरबी होती ती भारतीयाची. भारतीयांसाठी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ धरावी, ही शिफारस या जातीच्या पुराव्यांवर उभी आहे. जे अ‍ॅप २४ या अंकापुढे ‘नॉर्मल’ लिहिते, ते कोणाचे प्रमाण धरून लिहिते, हे विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्यास आहे. ‘नॉर्मल’ हे विशेषण दिसते एकट्याने, पण त्याच्यामागे नेहमी एक लोकसमूह गृहीत असतो.

४

येथवर दोषांचाच पाढा वाचला. न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मराठीने दुखण्याला जशी क्रियापदे दिली, तसे पाळीला आडपडदेही दिले. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आहे’ या बोलींत शरीराचे वर्णन नाही, वेगळे बसविण्याची खूण आहे. अशा भाषेत वाढलेल्या विद्यार्थिनीस तारीख, वेदना आणि स्राव यांची नोंद कोणास न विचारता, कोणास न सांगता करता आली, हा लाभ लहान नव्हे. ‘पीरियड्स’ हा परका शब्द तिला जवळचा वाटतो तो परका आहे म्हणूनच. त्याला विटाळाचा वास नाही. मनाच्या दुखण्याविषयीही हेच म्हणता येईल. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर माणसाशी मराठीत बोलता येते. आणि ज्याला प्रथम बोलणेच जड जाते, त्याला अ‍ॅपमधील मूक प्रश्नावली ही पहिली पायरी होऊ शकते. तेव्हा ‘आपली भाषा चांगली, परकी वाईट’ अशी सोपी वाटणी येथे चालणार नाही. स्वभाषा दुखणे सांगायला शिकविते तशी लपवायलाही शिकविते.

परंतु हा आडोसा खरा आहे काय? ‘फ्लो’ या पाळी नोंदविण्याच्या अ‍ॅपने स्त्रियांची माहिती फेसबुक, गूगल आदींच्या विश्लेषण-सेवांकडे पोहोचविली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, आणि २०२१ मध्ये त्या प्रकरणी तडजोड झाली. जे आईला सांगितले नाही ते जाहिरातदारास कळावे, हा आडोसा विचित्रच म्हटला पाहिजे. यावरचा कायदेशीर उपाय ‘संमती’ हा आहे. आणि संमती म्हणजे पुन्हा भाषाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे, आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा असेही बंधन घातले आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयक तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवला आहे. म्हणजे लवकरच अशा सूचना मराठीत मोठ्या संख्येने लिहाव्या लागतील. त्या कोण लिहिणार? यंत्राने उलथवून टाकलेली वाक्ये मराठी लिपीत आहेत म्हणून ‘मराठीत’ ठरणार असतील, तर कायद्याचे अक्षर पाळले जाईल, हेतू पाळला जाणार नाही. न कळलेल्या मजकुरावर दिलेला होकार माहितीपूर्वक कसा म्हणावा?

५

या विवेचनातून अ‍ॅपचा निषेध निघत नाही. निघते ते भाषाविभागांचे कर्तव्य. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे कार्य केले. परंतु परिभाषा ही तज्ज्ञाने रोगाला दिलेली नावे सांगते, रोग्याने दुखण्याला दिलेली नव्हेत. या दुसऱ्या संग्रहाची आज निकड आहे. आपल्या वर्गांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारे विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. आजारपण सांगण्याची त्यांची क्रियापदे गोळा करणे, एकाच प्रश्नाचे दोन मराठी अनुवाद त्यांच्यापुढे ठेवून कोणता कसा समजतो हे तपासणे, संमतीच्या सूचना वाचून त्यांनी त्या स्वतःच्या शब्दांत सांगणे, ही कामे पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहेत. त्यांना मोठे अर्थसाहाय्य नको, कानाची शिस्त हवी.

ही कामे आपण केली नाहीत, तरी अ‍ॅप थांबणार नाहीत. ती विचारीत राहतील आणि विद्यार्थी उत्तरे देत राहतील. प्रश्न इतकाच की, ज्याला करमत नाही त्या मुलाला आपले दुखणे सांगण्यासाठी त्याचाच शब्द उपलब्ध असेल, की दुसऱ्याने ठरविलेल्या पर्यायांतून त्याला स्वतःला निवडावे लागेल.