चिंची चेटकीण

बालवाङ्मयातील खलनायिकांचा विचार करू लागले म्हणजे मराठीत प्रथम आठवते ती रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातील चिंची चेटकीण. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी व 2018 साली वैभव मांगले यांनी, म्हणजे दोन्ही वेळा पुरुषनटांनीच, ही भूमिका गाजविली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुरुषाने घेतलेल्या या सोंगामुळे चिंची शेजारच्या एखाद्या म्हातारीसारखी मुळीच वाटत नाही. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी लुब्ध असते की, भिण्याऐवजी मूल हसत सुटते. ग्रिमबंधूंच्या 1812 सालच्या संग्रहातील चेटकीण नेमकी याच्या उलट: अरण्यात एकटी राहणारी म्हातारी, तिला भट्टीत लोटले की गोष्ट सुखान्त!

हा भेद आपणांस क्षुल्लक मानता येणार नाही. सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण होत आली आहे, आणि 2013 साली महाराष्ट्रास जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. (आमच्या संभाजीनगरासारख्या शहरांत असल्या समजुती नाहीतच, असेही नव्हे.) अशा मुलखात चेटकिणीला उघडउघड सोंगच ठेवणे, ही मतकरींच्या नाटकाची मोठी कामगिरी होय.

आमची तक्रार एवढीच की, नव्या प्रयोगात चिंची फारच लाडकी झाली आहे. टाळ्या तिच्या, चर्चा तिची. नायकपक्ष बिचारा मागे पडतो. तिची थोडीशी धास्ती उरली असती, तर तिच्या फजितीला अधिक रंग चढला असता.