मिळवत्या मुलीचा हिशेब

‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पुस्तकापेक्षा ‘विभावरी शिरूरकर’ कोण, याचीच चर्चा अधिक झाली. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी टोपणनाव घेतले ते उगाच नव्हे. प्रौढ कुमारिकांच्या मनातील ओढ उघड झाली म्हणून टीकाकार तुटून पडले. आमच्या मते पुस्तकाचे खरे धारिष्ट निराळे आहे. शिकलेल्या मुलीच्या पगारावर घर चालते, म्हणूनच तिचे लग्न लांबते, हे बाईंनी स्पष्ट लिहिले. बाप दुष्ट नाही, हिशेबी आहे. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये महिनाअखेर जाणणाऱ्या आम्हां नोकरदारांना तो हिशेब परका नाही. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मधील बंड अधिक गाजले. पण तेथील अचला बोलते फार. या मिळवत्या मुलीचे मनातल्या मनात बोलणेच आम्हांस अधिक झोंबते.