दोराचे दुसरे टोक

‘फ्री सोलो’ हा २०१८ सालचा माहितीपट. अमेरिकन प्रस्तरारोहक अ‍ॅलेक्स होनोल्ड ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटर उंचीचा कडा दोराविना, चार तासांच्या आत चढून गेला, त्याची ही कथा. २०१९ मध्ये या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. छायाचित्रण थक्क करणारे आहे. आपल्याकडेही आता शहरांतून चढाईच्या कृत्रिम भिंती झाल्या आहेत. तेथे जाणारी मुले असे चित्रपट आवडीने पाहतात. म्हणून शिक्षकांनीही तो पाहावा. मात्र त्यातील विज्ञान पारखून घ्यावे.

चित्रपटात होनोल्डच्या मेंदूची तपासणी दाखवली आहे. मन विचलित करणारी चित्रे पाहूनही त्याच्या मेंदूतील अमिग्डाला हा भाग फारसा उद्दीपित होत नाही. प्रेक्षकाच्या मनावर ठसते ते असे, की ज्याला भीती नाही तोच सुरक्षित. एका माणसाच्या एका तपासणीवरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. शिवाय हाच माणूस दोर लावून तोच मार्ग पुनःपुन्हा घोटवतो, हेही चित्रपटातच दिसते.

मुलांसाठी खरा धडा एका लहानशा प्रसंगात आहे. होनोल्डची मैत्रीण त्याला दोराने खाली सोडत असते. दोर अपुरा पडतो, मोकळे टोक तिच्याजवळच्या साधनातून निसटते आणि तो कोसळतो. मणक्यांना इजा होते. दोर तुटलेला नसतो. टोकाला गाठ मारायची राहिलेली असते. दिग्दर्शक हा प्रसंग दोघांच्या नात्याच्या गोष्टीत जिरवून टाकतात. चित्रपट कमी पडतो तो इथे.

कारण हीच चूक घरातल्या, म्हणजे छपराखालच्या भिंतीवरही होऊ शकते. समजा, भिंत १५ मीटर उंच आहे. दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणजे तो ३० मीटरहून लांब हवा. झिजलेली टोके कापता कापता तो २४ मीटरच उरला असेल, तर चढणारा ६ मीटर उंचीवर असतानाच दोर संपेल. तेथून पडणारे मूल ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळेल. टोकाला जाड गाठ असेल, तर ती साधनात अडकते आणि दोर थांबतो.

शिक्षकांनी चित्रपट जरूर दाखवावा, पण या प्रसंगापाशी थांबवावा. फळ्यावर भिंत आणि दोर काढून मुलांनाच हिशेब करायला लावावा. मग भिंतीपाशी प्रत्येक चढाईपूर्वी जोडीदारांनी एकमेकांचे पट्टे, गाठ, कॅराबिनरचे कुलूप आणि दोराचे दुसरे टोक हात लावून तपासावे. एखादे मूल ‘भीती वाटते’ म्हणाले, तर त्याला हसू नये. ते पुन्हा एकदा तपासा, एवढेच सांगत असते.