गर्भवेष्टन आणि नाळ : दोन देहखुणा

जन्मसमयी देहापासून विलग झालेला अंश जपण्याची प्रथा अनेक संस्कृतींत आढळते. साहित्यात तिचा अर्थ ठरतो तो मात्र हा अंश कोणाच्या हाती राहतो यावरून.

चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८५०) या कादंबरीच्या प्रारंभीच नायकाचे गर्भवेष्टन १५ गिनींना विकण्याची जाहिरात येते. अर्भकाच्या डोक्यावर क्वचित राहणारे हे पातळ पटल बाळगणारा बुडून मरत नाही, अशी इंग्लंडमध्ये समजूत होती. जाहिरात निष्फळ ठरते. दहा वर्षांनी सोडतीत ते एका वृद्धेला मिळते आणि ती ९२व्या वर्षी अंथरुणातच मरण पावते. वरवर विनोदी वाटणाऱ्या या प्रसंगाची छाया पुढे हॅम व स्टीअरफोर्थ समुद्रात बुडतात तिथवर पोहोचते. संरक्षण विकत घेता येते. ज्याला त्याची गरज असते त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

जपानमध्ये वाळलेली नाळ लहान लाकडी पेटीत घरातच जतन केली जाते. इगा येथील जन्मघरी १६८७च्या वर्षअखेरीस परतलेल्या बाशोच्या हायकूत तीच अश्रूंचे निमित्त होते. त्याची आई १६८३मध्ये निवर्तली होती. नाळ उरली, तिचे दुसरे टोक उरले नाही.

या दोन्ही खुणांना ‘लोकसमजूत’ या एकाच सदरात टाकणे म्हणूनच अपुरे ठरते. मराठी समीक्षेत ‘मातीशी नाळ’ हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातील देह दिसेनासा झाला. बाशोची नाळ त्याला तो देह, आणि त्यासोबतचा वियोग, परत देते.