अ‍ॅरिस्टॉटलच्या पंगतीत आपली जागा

माउली, आषाढी वारीला श्री गजानन महाराजांची पालखी शेगावहून निघते आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातून मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड या वाटेने पंढरीकडे जाते. पेरणीचे दिवस तोंडावर असतात. तरीही कोणी पेरणी भावावर सोपवून, कोणी बियाण्याची उधारी करून टाळ गळ्यात घालतो. या वाटेवर ग्रीकांचे तत्त्वज्ञान कशाला, असे आपण म्हणाल. गुरुदेव रा. द. रानडे यांना तसे वाटले नाही. हेराक्लिटस, अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासलेल्या या प्राध्यापकानेच १९३३ मध्ये इंग्रजीत 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' लिहून आपल्या संतांना जगाच्या चिंतकांशेजारी बसवले.

शेजारी बसवले की तुलना आलीच. प्लेटोने जीवाला रथाची उपमा दिली. विवेक हा सारथी, एक घोडा शहाणा, दुसरा ओढाळ. कठोपनिषदातही रथच आहे, पण तेथे बुद्धी केवळ सारथी. रथाचा स्वामी आत्मा निराळा बसलेला आहे. प्लेटोच्या रथात सारथ्याच्या वर कोणी नाही. गीतेत तर लगाम देवानेच धरले! आपल्याकडे बुद्धीला मान आहे, मालकी नाही.

अ‍ॅरिस्टॉटल मात्र आपल्याला फार जवळचा वाटतो. 'निकोमेकियन एथिक्स'मध्ये तो सांगतो की सद्गुण जन्माने मिळत नाही, नुसत्या ऐकण्यानेही नाही. वाद्य वाजवूनच वादक होतो, तसे न्यायाने वागूनच माणूस न्यायी होतो. पखवाजावर वर्षानुवर्षे हात बसवणाऱ्याला आणि नित्यनेमाने हरिपाठ म्हणणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य असते, हेही त्याचेच. इथवर मी त्याच्या पायाशी बसायला तयार आहे.

पुढे मात्र अडते. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो, सद्गुणाला सवड लागते, म्हणून उत्तम नगरात नागरिक कारागीर किंवा शेतकरी नसावेत. शेती दासांकडून करवून घ्यावी. म्हणजे चाकावरचे गोरोबाकाका, मळ्यातले सावतोबा, जात्यावरची जनाबाई हे सगळे पंगतीबाहेर, आणि सोयाबीन पेरणारे आपणही. (पुढे सुमारे चारशे वर्षांनी जन्माने दास असलेला एपिक्टेटस ग्रीक भाषेतच थोर तत्त्वज्ञ झाला. अ‍ॅरिस्टॉटलला याहून चांगले उत्तर कोणी दिले असेल, असे वाटत नाही.) आपल्या संतांनी सवडीची वाट पाहिली नाही. काम चालू असतानाच त्यांनी नाम घेतले. नामदेवांच्या काळाला रानडे लोकशाहीचा काळ म्हणतात, ते उगाच नव्हे. त्यांच्या ग्रंथाबद्दल माझी तक्रार एवढीच, की संतांच्या अनुभवाचे प्रकार पाडताना त्यांचे हात कशात गुंतले होते हे मागे पडते.

इतके लिहून झाले आणि लेखणी थांबली. अ‍ॅरिस्टॉटलला नावे ठेवणारे आपण कोण? चोखोबांची समाधी आजही मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले. ग्रीकाने निदान आपले म्हणणे ग्रंथात उघड लिहिले. आपण मुखाने अभेद गात राहिलो आणि दार लावून घेतले.

दार उघडले, पंगतीचे काय? गावोगावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी कोणी स्वयंपाकाला बसायचे, कोणी वाढायचे, कोणी पत्रावळी उचलायच्या, हे ठरलेले असते. कोण ठरवते, हे मी आजवर कधी विचारले नव्हते. यंदा आमच्या सप्ताहाच्या बैठकीत ती यादी मागून घेणार आहे. आपणही आपल्या गावची पाहा, आणि कळवा.