गाणे कोणाचे? : अभिजात मराठी चित्रपटांतील संगीत आणि कथन

१

चित्रपटसंगीताविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. एका वर्गात गाण्यांचा रसास्वाद, चालींच्या आठवणी आणि गायक-संगीतकारांची चरित्रे येतात. दुसऱ्या वर्गात चित्रपटाचे गंभीर विवेचन येते आणि त्यात संगीताच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो. ही विभागणी निरुपद्रवी नाही. कथा सांगण्याचे काम दृश्याचे आणि संवादाचे, संगीताने त्या कथेला भावनेचा रंग द्यावयाचा, आणि गाणे सुरू झाले की कथा थांबते, असे एक गृहीत तिच्या मुळाशी आहे. जितकी गाणी कमी तितका चित्रपट वास्तवाच्या जवळ, हा त्याच गृहीताचा पुढचा टप्पा होय.

हे गृहीत मराठीतील अभिजात चित्रपटांना लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गाण्यांची संख्या हा प्रश्न तेथे गौण ठरतो. गाणे कथाविश्वातील कोणाचे आहे आणि त्या विश्वात ते ऐकतो कोण, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे संगीताचे कथनात्मक कार्य स्पष्ट होऊ लागते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे व्याकरणातील एक संज्ञा उसनी घेतो. मराठी व्याकरणात क्रियापदाचे 'अर्थ' सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. क्रिया तीच असते. बोलणाऱ्याची तिच्याकडे पाहण्याची वृत्ती बदलते. चित्रपटातील संगीताचे कार्य याच जातीचे आहे. तेच दृश्य वेगवेगळ्या संगीतासह दाखविले तर त्यातील घटना बदलत नाही. तिचा 'अर्थ' बदलतो. ज्याचा उगम कथाविश्वात कोठेच नाही असे सर्रास वापरले जाणारे पार्श्वसंगीत बहुधा आज्ञार्थी असते. आता हळहळा, आता घाबरा, असे ते प्रेक्षकाला सांगते. ज्या संगीताचा उगम कथेतच आहे ते आज्ञा करीत नाही. ते साक्ष देते. आज्ञार्थी आणि साक्षी संगीत यांतील हा भेद पुढील विवेचनाचा आधार आहे.

२

कथनाला संगीताची जोड हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. 'नाट्यशास्त्रा'त भरताने ध्रुवागानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. प्रावेशिकी पात्राच्या प्रवेशाशी, नैष्क्रामिकी निर्गमनाशी बांधलेली. आक्षेपिकी चालू रसात खंड पाडून दुसरा रस आणणारी. प्रासादिकी प्रेक्षकाचे चित्त प्रसन्न करणारी. आणि आंतरा प्रयोगात पडलेली फट बुजविणारी. आजचे पार्श्वसंगीत करते ती बहुतेक कामे या यादीत सापडतात. भरताची विभागणी रागाची वा गोडव्याची नाही, कार्याची आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शास्त्राची ही बाजू झाली. प्रयोगाची बाजू पाहावयाची तर भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात फार दूर जावे लागत नाही. भंडारा, १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली यांत पसरलेल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि तिच्यासोबत दंडार, खडी गंमत आणि नाटके येतात. झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासाचा पाया साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी घातला. या प्रयोगांत वादक आणि झीलकरी प्रेक्षकांच्या नजरेसमोर असतात. गायकाने म्हटलेली ओळ झीलकरी उचलतात आणि परत देतात. झील म्हणजे केवळ पुनरुक्ती नव्हे. सांगितलेली गोष्ट ऐकली गेली, याची ती जाहीर पोच असते. ऐकणारा प्रयोगातच उपस्थित असतो. कथा गाण्यासाठी थांबते, ही तक्रार या रंगभूमीच्या प्रेक्षकाला मुळात सुचणार नाही, कारण त्याच्या लेखी गाणे हे सांगण्याचेच एक रूप आहे.

झाडीपट्टीचा प्रयोग आणि पुण्याच्या 'प्रभात'चे चित्रपट यांत प्रत्यक्ष प्रभावाचा धागा जोडण्याचा येथे हेतू नाही. झील ही संकल्पना मात्र त्या चित्रपटांच्या वाचनासाठी उपयोगी पडते. गाण्याला कथेतच प्रतिसाद मिळतो काय, आणि तो कोणाकडून, हा प्रश्न तीच आपल्या हाती देते.

३

केशवराव भोळे हे मूळचे अमरावतीचे. शास्त्रोक्त संगीताचे साक्षेपी श्रोते आणि समीक्षक म्हणून त्यांचा लौकिक होता. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने सादर केलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचे संगीत त्यांचे. पदांच्या बैठकीपेक्षा नाट्यप्रसंगाला महत्त्व देण्याची दृष्टी तेथेच दिसू लागली होती. पुढे 'प्रभात'मध्ये त्यांनी एका वर्षाच्या अंतराने दोन चित्रपटांना संगीत दिले : १९३६ चा 'संत तुकाराम' आणि १९३७ चा 'कुंकू'. पहिल्यात गाणे सर्वत्र आहे. दुसऱ्यात संगीतावर कठोर बंधन आहे. एकाच संगीतकाराने दिलेली ही दोन उत्तरे एकमेकांना छेद देतात, की एकाच तत्त्वाची दोन टोके आहेत, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम'चा आरंभच गाण्याच्या मालकीच्या प्रश्नाने होतो. तुकाराम अभंगात तल्लीन आहेत आणि तोच अभंग सालोमालो देवळात आपल्या नावावर खपवितो आहे. शब्द तेच, फरक पडतो तो गाण्यात. विष्णुपंत पागनीसांच्या गायनात मिरविण्याचा अंश नाही. सालोमालोच्या गायनात श्रोत्यांवर छाप पाडण्याची धडपड उघड आहे. दोघांपैकी अस्सल कोण, हे निवेदन किंवा संवाद यांच्या मदतीशिवाय प्रेक्षकाला कळते. संपूर्ण कथानकाचा संघर्ष, म्हणजे शब्द कोणाचा आणि तो उच्चारण्याचा अधिकार कोणाचा, संगीताने पहिल्या काही मिनिटांतच मांडलेला असतो. हे संगीत कथेला दिलेला रंग नाही. ते कथाबीज आहे.

येथे एक बाब विशेष विचारार्ह आहे. चित्रपटात तुकारामांच्या मुखी असलेले, बीज आणि वृक्षाच्या प्रतिमेवर उभारलेले गीत शांताराम आठवले यांनी रचले आहे, तरी ते तुकारामांचाच अभंग म्हणून अनेकांच्या मनात रुजले. सालोमालो तुकारामांचे शब्द आपले म्हणून सांगतो आणि चित्रपट आठवल्यांचे शब्द तुकारामांचे म्हणून सांगतो. पहिल्या कृतीला आपण चोरी म्हणतो. दुसरीला का म्हणत नाही? याचे उत्तर चालीत आणि गायनाच्या वृत्तीत आहे. आठवल्यांनी अभंगाचा घाट पाळला, भोळे यांनी भजनाची साधी लय राखली आणि पागनीसांनी कवीला मागे ठेवून देवाला पुढे ठेवले. ज्या गाण्यात 'मी' विरतो, त्याच्या कर्तृत्वाविषयी परंपरा उदार असते. असे काहीसे वाङ्मयीन विधान हा चित्रपट संगीताच्या द्वारे करतो.

मात्र या गानविश्वाला छेद देणारी एक शक्तीही चित्रपटात आहे. जिजाईचे शस्त्र गद्य आहे. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, हे तिचे म्हणणे अभंगात बसत नाही आणि चित्रपट ते बसविण्याचा प्रयत्नही करीत नाही. तिचा ठसकेबाज ग्रामीण संवाद तुकारामांच्या गाण्यापाठोपाठ येतो तेव्हा गाण्याची उंची आणि त्याची किंमत, दोन्ही एकदम जाणवतात. ज्याला झील मिळते ते गाव आणि जी झील द्यायला नकार देते ती बायको, या दोहोंमध्ये तुकारामांचे गाणे उभे आहे. अखेरीस वैकुंठाचे बोलावणे येते तेव्हाही संसार सोडून ती निघू शकत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला. त्याच्या सार्वत्रिक आवाहनाचे रहस्य भक्तीइतकेच या गद्य-पद्याच्या ताणात असावे.

४

'कुंकू' हा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला, व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपट. वृद्ध वकील काकासाहेबांशी फसवून लावून दिलेले लग्न नीरा मानावयास तयार नाही, एवढेच त्याचे कथाबीज. या चित्रपटात पार्श्वसंगीत कटाक्षाने टाळले आहे. ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे : घड्याळ, भांडी, दारे, पावले. गाणी आहेत, पण त्यांना अदृश्य वाद्यवृंदाची साथ नाही. प्रसंगात जे हाताशी असेल त्याच्याच आवाजावर ती उभी आहेत.

वास्तववादी समीक्षेने 'कुंकू'ला आपल्या पक्षाचा साक्षीदार मानले आहे : पाहा, संगीत वगळले आणि मराठी चित्रपट प्रौढ झाला. हा निष्कर्ष घाईचा आहे. चित्रपटाने संगीत वगळलेले नाही, आज्ञा वगळली आहे. नीरा नकार देते तेव्हा तिच्या बाजूने व्हायोलिन रडत नाही, की काकासाहेबांवर खलत्वाचे सूर लादले जात नाहीत. तिची दया करा असे कोणी सांगत नसल्यामुळे निर्णयाची जबाबदारी प्रेक्षकावर येते. १९३७ च्या प्रेक्षकाच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. जरठ-बालाविवाह त्याच्या शेजारपाजारी घडत होते. करुण संगीताने त्याला रडवून मोकळे केले असते. शांततेने त्याला अडकवून ठेवले.

घड्याळाची योजना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. भिंतीवरचे ते जुने घड्याळ काकासाहेबांच्या वयाचे रूपक आहे, हे सर्वांनी सांगितले आहे. परंतु ते रूपक दृश्याइतकेच श्राव्य आहे. अन्य संगीत नसल्यामुळे टिकटिक हीच त्या घराची लय बनते आणि काळ कोणाच्या बाजूने आहे, हे ती दोघांनाही सारखेच सुनावते. आयझेनस्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांड्रोव यांनी १९२८ च्या आपल्या निवेदनात ध्वनीने प्रतिमेची री न ओढता तिच्याशी विरोधाचे नाते ठेवावे, असा आग्रह धरला होता. 'कुंकू'तील ध्वनी प्रतिमेच्या विरोधात जात नाही, पण तिची री ओढण्यासही नकार देतो. ही तिसरी शक्यता सिद्धान्तात नोंदविण्याजोगी आहे.

याच चौकटीत शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता येते. वरवर पाहता ती विसंगत वाटते. परंतु 'गाणे कोणाचे?' या कसोटीवर तिची संगती लागते. नीरा शिकलेली आहे. आयुष्य हे निष्क्रिय स्वप्न नव्हे, असे सांगू पाहणारी भाषा तिला पाठ्यपुस्तकातून मिळालेली आहे. त्या घरातील कोणीही या गाण्याला झील देऊ शकत नाही. परकी भाषा येथे तिच्या एकाकीपणाचे माप बनते. तरीही एक मर्यादा नमूद केली पाहिजे. शांता आपटे या गायिका म्हणून प्रेक्षकाला आधीच प्रिय होत्या आणि अशा क्षणी नीरेपेक्षा गायिकेला दाद मिळण्याचा धोका उरतो. चित्रपट तो पूर्णपणे टाळू शकलेला नाही.

५

वरील दोन्ही चित्रपट गायक-नटांच्या काळातील आहेत. आवाज आणि देह एकाच व्यक्तीचे असल्यामुळे गाण्याची मालकी तेथे स्वाभाविकच पात्राकडे जाते. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर आवाज देहापासून सुटला आणि मालकीचा प्रश्न बिकट झाला. गाणे पात्राचे न राहता गायकाचे, पुढे ध्वनिमुद्रिकेचे आणि रेडिओचे झाले. साक्षी संगीत यानंतर अशक्य झाले काय?

डॉ. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७) हे याचे महत्त्वाचे उत्तर आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील या चित्रपटाला ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत लाभले आहे. येथे गाणी विपुल आहेत आणि आवाज उघडपणे पार्श्वगायकांचे आहेत. पण ती नाग्याची किंवा चिंधीची खाजगी गाणी नाहीत. ठाकरांची वस्ती, तिचा ढोल आणि लिंगोबाचा डोंगर यांच्या वतीने ती बोलतात. गाण्याचा मालक व्यक्ती नसून समूह असल्यामुळे आवाज आणि देह यांतील फट जाणवेनाशी होते, कारण समूहाला एकच एक कंठ नसतोच. झील येथे कथनाच्या केंद्रस्थानी आली आहे.

या निवडीचे फळ शेवटी दिसते. राणीमाशीला नमविण्याची नाग्याची ईर्ष्या पुरी होते आणि त्याच झुंजीत चिंधी जाते. 'जैत' म्हणजे विजय; तो मिळाला त्या क्षणीच पोकळ झाला. चित्रपटभर समूहाच्या स्वरात ऐकलेला उत्सव या शेवटामागे स्मृतीसारखा उभा असतो, म्हणून ही हानी एका जोडप्याची न राहता साऱ्या वस्तीची होते. गाणी वगळून हे कथानक सांगता येईल. त्याचा 'अर्थ' मात्र सांगता येणार नाही.

६

तीन चित्रपटांवरून सार्वत्रिक नियम काढणे धाडसाचे ठरेल. पण एवढे म्हणता येते की संगीताची विपुलता ('संत तुकाराम', 'जैत रे जैत') आणि त्याचा संकोच ('कुंकू') ही परस्परविरोधी तत्त्वे नाहीत. तिन्ही ठिकाणी संगीताला कथाविश्वात पत्ता आहे : ते कोठून येते, कोणाचे आहे, कोण ऐकतो, हे सांगता येते. उलट ज्या चित्रपटांत असा पत्ता हरवतो, तेथे गाणी दोन असोत की बारा, संगीत आज्ञार्थी होऊ लागते आणि कथा खरोखरच थांबते. वास्तववाद्यांची तक्रार अशा चित्रपटांपुरती रास्त आहे; तिचे तत्त्व बनविणे रास्त नाही.

या भेदाला अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. पदव्युत्तर वर्गांत साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकविताना कादंबरीतील कोणता प्रसंग गाळला, कोणता घातला, याची तुलना होते आणि संगीत 'इतर घटक' या सदरात जाते. मंडईत रात्रभर झील ऐकत वाढलेला झाडीपट्टीचा विद्यार्थी अशा वर्गात बसतो, तेव्हा आपले ऐकणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, असा त्याचा समज करून दिला जातो. वस्तुतः गाण्याला कथन मानण्याची त्याची सवय हे एक विश्लेषणाचे साधन आहे, आणि 'संत तुकाराम'ची ती पहिली काही मिनिटे उलगडण्यास अनेक ग्रंथांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते. समीक्षेने त्याला संज्ञा पुरवाव्यात; कान त्याच्याकडे आहेत.